त्याच्या नावावर चार गडी

भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो माझ्याशेजारी बाभळीखाली बसून आलूबोंडा खात होता. मैदानात कोणीतरी मधली दांडी उडवली होती, धूळ अजून खाली बसली नव्हती, आणि कॉमेंट्री करणारा घसा ताणून सांगत होता की आमच्या गावच्या ह्या पठ्ठ्याचा हा तिसरा गडी. त्यानं रश्श्याचा द्रोण खाली ठेवला आणि मैदानाकडे पाहिलं. तिथं एक उंच, रुंद खांद्यांचा, आमच्यापैकी कोणी आधी कधी न पाहिलेला मुलगा हात पसरून धावत होता. जर्सी मात्र ह्याची. पाठीवर नाव ह्याचं, नंबर ह्याचा. 'एक गाव एक संघ, आधार कार्ड बंधनकारक' असं तालुक्याच्या चषकाच्या बॅनरवर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, त्यामुळे सकाळी कार्ड ह्याचं दाखवलं होतं आणि चेंडू टाकायला तो उभा राहिला होता. समोरच्या संघानंही दोघातिघांच्या बाबतीत तेच केलेलं, म्हणून आक्षेप कोणी कोणावर घेतला नाही. थोड्या वेळानं चौथी विकेट पडली. ह्यानं हात पँटला पुसून मोबाईल काढला, स्कोअरचं अ‍ॅप उघडलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. "पाहा नं काकाजी, माह्या नावावर चार लागले." मग थोडं थांबून म्हणाला, "खरे नाईत, पन पाहाले बरे वाटतात."

त्याच्या आवाजात राग असता तर मी हे लिहायला बसलो नसतो.

सामना आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभाला स्टेजवर नाव पुन्हा ह्याचंच आलं, सामनावीर म्हणून. आता चेहरा कार्डाशी जुळायला हवा, कारण फोटो निघणार, तो ग्रुपवर जाणार, उद्या पेपरातही येईल. म्हणून त्या पाहुण्या गोलंदाजानं जर्सी काढून दिली आणि घामानं ओली झालेली, पाठीला चिकटणारी ती जर्सी चढवून हा पोरगा स्टेजवर गेला. पुढाऱ्यानं त्याला फेटा बांधला, हातात चषक दिला, पाठ थोपटली. मी खाली उभा राहून टाळ्या वाजवल्या. इतरांनीही वाजवल्या आणि मनापासून वाजवल्या, कारण गावाचं नाव झालं होतं आणि ते खोटं नव्हतं. नंतर एकदा त्याच्या घरी गेलो तेव्हा तो चषक टीव्हीच्या बाजूला ठेवलेला दिसला. त्याच्या आईनं त्याला हळद-कुंकू लावलं होतं. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी होते नं तिथं? कसा टाकला हो यानं?" मी म्हटलं, पोरगा चांगलाच टाकतो. हे मात्र अगदी खरं आहे.

तो डावखुरा आहे. अंगानं बारीक, पण हात सुटतो तेव्हा चेंडू दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात आमचं गाव आहे, आणि गावाबाहेर तलावाच्या पाळीला लागून जी ई-क्लास, म्हणजे गुरं चरायची सरकारी जमीन आहे तिथं आमचं मैदान. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की हिवाळाभर हा संध्याकाळी तिथं एकटाच एका स्टंपावर चेंडू टाकत असतो. पाळीवरून उतरत धावत येतो, त्यामुळे उताराचा वेग त्याला आयता मिळतो, आणि यॉर्कर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू, बरोबर बुंध्यात. पहाटे तो डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी 1600 मीटर पळतो, दुपारी बापासोबत कापूस वेचायला जातो. बोटांना कापसाच्या बोंडाच्या टोकांनी पडलेले ओरखडे असतात, आणि त्याच बोटांनी तो चेंडू पकडतो. क्लबच्या नेटमध्ये सगळ्यांत जास्त षटकं त्याचीच. आमच्या फलंदाजांनी वर्षभर सराव केला तो त्याच्या चेंडूंवर. सामन्याच्या दिवशी मात्र कर्णधार त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेऊन गेला. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. हा परत आला तो जर्सी काढतच.

हे मैदान मी तयार होताना पाहिलेलं आहे. पूर्वी तिथं बोरीबाभळी आणि घाणेरी होती, गुरं चरायची. आमच्या पिढीनं कुदळी-फावडी घेऊन ती जागा साफ केली, खेळपट्टीपुरती काळी माती उकरून काढली, मुरूम भरला, वर पांढरी माती पसरून धुम्मसानं चोपली. आमच्या शिवारातल्या काळ्या मातीवर क्रिकेट जमत नाही. पाऊस पडला की ती पाय धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला तर काडीनं काढावा लागतो. त्या कामाचा वास अजून आठवतो: ओला मुरूम, तोडलेल्या बोरीचा उग्र हिरवा दर्प, आणि तलावावरून येणारा गाळाचा. क्लबला नाव दिलं, पावतीबुक छापलं, बसस्टँडवर वर्गणी मागितली. तेव्हा महत्त्वाकांक्षा एवढीच होती की नाल्यापलीकडच्या गावाला हरवायचं. ते गाव आमच्याहून मोठं, तिथं आठवडी बाजार भरतो, तिथली पोरं बूट घालून खेळायची. आम्ही त्यांना पहिल्यांदा हरवलं त्या संध्याकाळी गावात जो गुलाल उधळला गेला तो निवडणुकीतही उधळला गेला नसेल. म्हातारी माणसं ओसरीवरून उठून आली होती. ज्यांना चौकार आणि षटकार ह्यातला फरक माहीत नव्हता तीही.

त्या आनंदाची चव लागली की मग थांबता येत नाही. पुढच्या वर्षी त्या गावानं यवतमाळहून एक फलंदाज आणला. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोन. मग चषकांना पुढाऱ्यांची नावं लागली, पहिल्या बक्षिसाचे आकडे वाढले, त्याबरोबर प्रवेश फी वाढली, रात्रीचे सामने आले, यूट्यूबवर लाईव्ह आलं. बॅटची पिशवी पाठीला लावून मोटरसायकलवर गावोगाव फिरणारी पोरं आली. सकाळी एका तालुक्यात, दुपारी दुसऱ्या. मार्च 2024 मध्ये टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली, दहा-दहा षटकांची, स्टेडियममध्ये, दिव्यांखाली. तेव्हापासून तर आमच्या पोरांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आहे. आपण जे खेळतो तेच टीव्हीवर! हे वाटणं मला फार मोलाचं वाटतं. गावातल्या पोरानं मोठं काही मागावं ह्याच्याविरुद्ध मी कधीच बोलणार नाही.

त्या पाहुण्या गोलंदाजाशी मी जेवताना बोललो. झुणका-भाकरीची पंगत होती, तो माझ्यासमोर मांडी घालून बसला होता आणि फार सभ्यपणे, खाली मान घालून जेवत होता. आयटीआय झालेला, काम धड लागलेलं नाही, घरी वडील आजारी. हिवाळ्यात सामन्यांचे जे पैसे मिळतात त्यावर औषधं चालतात. त्याचा गुडघा सुजलेला होता, त्याला त्यानं पँटीतून पट्टा बांधला होता. मी विचारलं, दुखत नाही का? म्हणाला, "दुखते नं काकाजी. पन बसलो तं पुढच्या येळी बोलावत नाई कोनी." त्याची चार षटकं मी पाहिली होती. ती अस्सल होती. दोन संथ चेंडू तर असे टाकले की फलंदाजाची बॅट आधीच फिरून झाली. पण त्या दिवसाचा हिशेब कुठंही त्याच्या नावावर नाही. तो उद्या कोणाला सांगायला गेला की मी तिथं चार गडी बाद केले, तर दाखवायला त्याच्याकडे काही नाही. एकाच्या नावावर न केलेलं काम आणि दुसऱ्याचं केलेलं काम बेनाम. नुकसान फक्त आमच्या पोराचं झालं असं मला तोवर वाटत होतं. त्या पंगतीत कळलं की दोघांचंही झालं.

पाहुणा खेळाडू ही काही वाईट गोष्ट नाही. आपल्या विदर्भाचा रणजी संघच बघा. कित्येक वर्षं आपण गटात खाली असायचो, आणि मोठे संघ नागपूरचा सामना म्हणजे हक्काचे गुण धरून चालायचे. 2017-18 मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून आपण पहिल्यांदा करंडक उचलला. त्या संघात मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकचा गणेश सतीश होता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. पण अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली ती आपल्या रजनीश गुरबानीनं, आणि कर्णधार होता फैज फजल, आपल्याच मातीत मुरलेला. जाफर पुढे इराणी करंडकात नागपूरला 286 धावा करून गेला, त्या डावात विदर्भानं 7 बाद 800 वर डाव सोडला. त्या 286 धावा कायमच्या जाफरच्या आहेत. त्यामुळे आपली कॉलर ताठ झाली आणि कोणाचं नाव पुसलं गेलं नाही. मार्च 2025 मध्ये नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर केरळविरुद्ध तिसरा करंडक मिळाला, तेव्हा दुसऱ्या डावात 135 धावा करणारा करुण नायर मूळचा कर्नाटकचा. आणि समोर केरळकडून 79 धावा करून आपल्याला घाम फोडणारा कोण, तर आदित्य सरवटे! ज्यानं 2019 च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे 11 गडी बाद करून आपल्याला दुसरा करंडक जिंकून दिला होता तोच. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक आपण जिंकलो. मी तो सामना मोबाईलवर पाहत होतो आणि सरवटे खेळत असताना माझी मोठी पंचाईत होती. आपला माणूस आपल्याविरुद्ध खेळतोय, बाद व्हावा असंही वाटतंय आणि छान खेळतोय म्हणून उरही भरून येतोय. अशी पंचाईत सुंदर असते. कोण कुठला, कोणाकडून खेळतोय, सगळं उजेडात.

आमच्या मैदानावर पाहुणा अंधारातून येतो, आणि त्याला जागा करून देण्यासाठी आमच्या पोराला अंधारात जावं लागतं. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

आमच्याच यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर 2021 मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्यानं 4 षटकं टाकली, चारही निर्धाव, 2 गडी. म्हणजे ट्वेंटी-20 च्या सामन्यात आपल्या वाट्याच्या चोवीस चेंडूंत एकही धाव दिली नाही. त्या ओळीतला प्रत्येक आकडा त्याच्या बोटांनी कमावलेला आहे. आमच्या पोरालाही ती ओळ पाठ आहे. त्यानंच मला पहिल्यांदा ती सांगितली होती, चार-चार-शून्य-दोन, एखादा मंत्र म्हणावा तशी. मग आपल्या नावापुढचे ते चार गडी पाहताना त्याला काय वाटलं असेल? तो खोटं बोलणारा मुलगा नाही. मला वाटतं, ते आकडे आपल्या नावापुढे कसे दिसतील हे तो बघत होता. एखाद्याला दुकानातला कोट अंगाला लावून आरशात पाहू द्यावं आणि मग परत घ्यावा, तसं काहीसं.

उमेश यादवची गोष्ट तर आमच्या भागात प्रत्येक पोराला माहीत आहे. बाप खापरखेड्याजवळ वलनीच्या कोळसा खाणीत कामाला, पोरगा पोलीस भरतीत हुकलेला, वीस वर्षांचा होईतो टेनिस बॉलवरच खेळलेला. नंतर भारतासाठी 57 कसोटी आणि 170 बळी. ही गोष्ट सांगताना मधला भाग नेहमी गाळला जातो. टेनिस बॉलवरचा उमेश कोणाच्या तरी नजरेत भरला, कोणीतरी त्याला चामड्याचा चेंडू दिला, नागपूरच्या क्लब क्रिकेटमध्ये उभं केलं. खापरखेड्याहून नागपूर हाकेच्या अंतरावर. आमच्या गावाहून यवतमाळ गाठायला एक एसटी, तिथून नागपूर आणखी दीडशे किलोमीटर. विदर्भ क्रिकेट असोसिएशनची गुझदर लीग, म्हणजे क्लबांची स्पर्धा, तिकडे नागपुरात चालते. आमच्या पोरांसाठी रस्ता जातो तो जिल्ह्याच्या निवड चाचणीतून, आणि तिथं चेंडू चामड्याचा असतो. आमच्या गावात चामड्याच्या चेंडूवर खेळायला खेळपट्टीवर अंथरायची साधी मॅट नव्हती. टेनिस बॉलच्या चषकांनी आम्हाला भोंगे दिले, जर्सी दिल्या, कपाटभर करंडक दिले. त्या कपाटाला काच लावायलाही वर्गणी झाली. मॅटसाठी कधी झाली नव्हती.

होळीनंतर क्लबची बैठक मारुतीच्या पारावर बसली तेव्हा मी हे सगळं बोललो. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच. मी म्हटलं, बाहेरचे खेळाडू खुल्या सामन्यांना आणा, त्यांच्या नावानं आणा, त्यांना मान द्या, पैसे द्या. पण गावच्या नावाच्या सामन्यात गावची पोरं उतरवा, मग पहिल्याच फेरीत हरलो तरी चालेल. कर्णधार बराच वेळ ऐकत राहिला. तो काही दुष्ट माणूस नाही. स्वतःच्या वावरातला तुरीचा काही पैसा दरवर्षी क्लबमध्ये घालतो, खेळपट्टीला पाणी मारायला स्वतः ट्रॅक्टर आणतो. तो म्हणाला, "काकाजी, तुमचं म्हननं बराबर आहे. पन दोन वर्षं हरलो होतो नं आपन, तवा मैदानावर किती पोट्टे येत होते? सात. जिंकलो म्हनून ग्रामपंचायतनं टँकर देला, जिंकलो म्हनून लाईट लागले. याले कोनी शिकवलं चेंडू टाकाले? मीच नं? मले का वाईट वाटलं नसन त्याची जर्सी मांगताना?" आणि त्याचे डोळे खरंच भरले होते. हे मी लिहितो, कारण ते ऐकल्यावर माझ्याकडे लगेच द्यायला उत्तर नव्हतं. हरणाऱ्या क्लबचं मैदान पुन्हा घाणेरीला जातं हे मीही आजूबाजूच्या गावांत पाहिलेलं आहे. तरी माझं मत बदललं नाही. जिंकून मैदान राखायचं आणि त्या मैदानावर आपल्याच पोराला उभं करायचं नाही, तर ते राखलं कोणासाठी?

मग तो पोरगाच बोलला. पाराच्या खालच्या पायरीवर बसला होता, उठलाही नाही. म्हणाला, "चषकाचं तुमी पाहा. मले मॅट पायजे. लेदरवर टाकून पाहाचं आहे." एवढंच. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, आणि मग वही निघाली. पहिला आकडा कर्णधारानं लिहिला, चांगला जाड आकडा. दुसरा माझा. तालुक्याच्या चषकाचा वाद त्या रात्री मिटला नाही. पुढच्या हिवाळ्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही. कर्णधारानं शब्द दिलेला नाही आणि खोटा शब्द देणारा माणूस तो नाही.

मॅट यवतमाळहून आली, काथ्याची, वापरलेली, एका कडेला उसवलेली. ती अंथरून चारी बाजूंनी खिळे ठोकायला चारपाच माणसं लागतात, आणि ती गुंडाळून उचलायला त्याहून जास्त. उन्हाळाभर सकाळी ऊन चढायच्या आत सराव चालला आहे. साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतला, चामड्याचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा. हलका चेंडू हवेत वेग सोडतो आणि खाली येतो, जड चेंडू वेग धरून पुढे जातो. म्हणून ह्याचा तो बुंध्यातला यॉर्कर आता टप्पा न पडताच, फुलटॉस होऊन बॅटच्या मधोमध येतो. शिवणीनं पहिल्या बोटाची कातडी निघाली, तिथं तो चिंधी बांधतो. टप्पा मागे ओढायचा म्हणजे नेमकं कुठं टाकायचं हे सांगणारं गावात कोणी नाही, आम्ही मॅटवर फक्कीची रेघ मारून अंदाजानं ठरवतो. समोर पॅड बांधून कर्णधार उभा राहतो आणि फुलटॉस आला की दया न दाखवता तलावाच्या पाळीपलीकडे भिरकावतो. चेंडू आणायला लहान पोरं पळतात, कारण चामड्याचा चेंडू पाण्यात गेला तर फुगतो आणि नवा घ्यायला पैसे नाहीत. मागच्या आठवड्यात दहापैकी तीन चेंडू रेघेवर पडले. त्यातला एक डावखुऱ्याच्या कोनातून आत आला आणि कर्णधाराच्या पॅडवर गुडघ्याखाली आदळला. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, कारण पंच म्हणून मी उभा होतो. मी बोट वर केलं. कर्णधार वाद घालत राहिला की चेंडू लेग स्टंपाच्या बाहेर जात होता. जात नव्हता.